देऊळ सांभाळणारी मुलगी आणि तिचा कोल्हा

जपानी अ‍ॅनिमेमध्ये, म्हणजे तिकडच्या अ‍ॅनिमेशन मालिकांमध्ये, प्रेमकथांना तोटा नाही, आणि त्यांत भुते, देव, शाप आणि पूर्वजन्म मिसळलेल्या हलक्याफुलक्या प्रेमकथा तर हव्या तेवढ्या सापडतात. या गर्दीत ‘कामिसामा हाजिमेमाशिता’ ही मालिका, जी जपानबाहेर ‘कामिसामा किस’ या नावाने ओळखली जाते, मला सर्वांत जवळची वाटते. हिच्यात देव होणे म्हणजे आधी देऊळ सांभाळणे. अंगण झाडणे, दिवा लावणे, आलेल्याचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकणे आणि देवळाला माणसांची वर्दळ राहील असे पाहणे ही कामे नायिकेच्या वाट्याला येतात, आणि तिच्या आयुष्यातले प्रेमही याच कामांतून हळूहळू उगवते. नाशिकसारख्या गल्लोगल्ली देवळे असलेल्या गावात वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि म्हणून या मालिकेविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, जुलिएत्ता सुझुकी यांची. ती ‘हाना तो युमे’ या नियतकालिकातून २००८ ते २०१६ या काळात प्रसिद्ध झाली आणि तिचे २५ खंड निघाले. अ‍ॅनिमे टीएमएस एंटरटेनमेंट या स्टुडिओने केले. पहिला सीझन २०१२ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये १३ भागांत आला आणि दुसरा २०१५ च्या सुरुवातीला १२ भागांत. दिग्दर्शक आकितारो दाइची यांनी २००१ ची ‘फ्रूट्स बास्केट’ दिग्दर्शित केली होती, आणि ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना दाइचींची हातोटी इथेही ओळखू येईल. गंभीर प्रसंगाच्या मधोमध पात्रे एकदम छोटी आणि गोलमटोल होतात, एखादे वाक्य भरभर बोलून टाकतात, आणि पुढच्याच क्षणी डोळे भरून यावेत असे काहीतरी घडते. चित्रांची श्रीमंती या मालिकेत नाही. पार्श्वभूमी साधी आहे आणि हालचालीही बेताच्या आहेत. तरीही संवादांची लय इतकी नेमकी साधली आहे की ती उणीव दोन भागांनंतर जाणवेनाशी होते.

कथेची सुरुवात अगदी व्यवहारी दुःखापासून होते. नानामी मोमोझोनो ही शाळकरी मुलगी. जुगारात बुडालेला बाप कर्ज करून परागंदा झाला आहे, वसुलीची माणसे दारात आली आहेत आणि राहत्या घरातून तिला बाहेर पडावे लागले आहे. हातात एक पिशवी घेऊन ती संध्याकाळी बागेत बसलेली असताना तिला एक गृहस्थ भेटतो, जो कुत्र्याच्या भीतीने झाडाला चिकटून उभा आहे. ती कुत्र्याला हाकलते. गप्पांच्या ओघात आपल्याला घर नाही हे ती त्याला सांगते, आणि तो म्हणतो की माझे घर तू घे, मी कित्येक वर्षांत तिकडे फिरकलेलो नाही. तिच्या कपाळाचे चुंबन घेऊन तो एक नकाशा हातात देतो आणि निघून जातो. तो गृहस्थ म्हणजे मिकागे नावाचा भूमिदेव, आणि त्याचे घर म्हणजे एक जुने देऊळ. कपाळावर उमटलेली खूण घेऊन नानामी तिथे पोहोचते तेव्हा ओनिकिरी आणि कोतेत्सु हे देवळातले दोन लहानगे आत्मे तिला मिकागेच परत आला असे समजून आनंदाने सामोरे येतात, आणि त्यांच्यामागून तोमोए येतो, तो मात्र संतापाने.

तोमोए हा कोल्हा आहे, म्हणजे कोल्ह्याच्या रूपातला योकाई (जपानी लोककथांतला मायावी जीव), आणि तो देवळाचा सेवक आहे. जपानमध्ये इनारी देवतेचे दूत म्हणून कोल्ह्यांना मान आहे. तिच्या देवळांच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगडी कोल्हे बसलेले दिसतात. त्यामुळे देवाच्या सेवेत कोल्हा असणे तिथल्या प्रेक्षकाला नवे वाटत नाही. हा कोल्हा मात्र गेली वीस वर्षे धनी नसलेल्या देवळाची राखण करत बसला आहे. मिकागे एके दिवशी काहीही न सांगता निघून गेला आणि हा तिथेच राहिला. त्याच्या तिरसट बोलण्यामागे, नानामीला पाहिल्याबरोबर तिच्यावर ओरडण्यामागे ही वीस वर्षे आहेत. पहिल्या भागातच हे सांगून टाकले आहे, पण त्याचे वजन आपल्याला पुष्कळ पुढे जाऊन कळते.

ज्या भाचीने मला या मालिकेची ओळख करून दिली, तिने आधीच बजावले होते, “मावशी, तो कोल्हा सुरुवातीला फार वाईट वागतो, पण तू लगेच बंद करू नकोस.” तिचे म्हणणे खरे होते. पहिल्या भागात तोमोए नानामीला संकटात सोडून गंमत पाहत उभा राहतो आणि तिने हात जोडून मदत मागावी अशी अपेक्षा धरतो. ती मागत नाही. झाडावरून खाली पडता पडता ती त्याचे चुंबन घेते, आणि त्या जगाच्या नियमाप्रमाणे देव आणि सेवक यांच्यातला करार त्या चुंबनाने पक्का होतो. त्यानंतर तिचा शब्द त्याला मोडता येत नाही. प्रेमकथेतले पहिले चुंबन असे, जीव वाचवण्यासाठी आणि जवळजवळ जबरदस्तीने घडलेले आहे, आणि हे मला आजही थोडे खटकते. पण लेखिकेने ही अडचण नजरेआड केलेली नाही. आज्ञा देण्याची सत्ता हातात असूनही नानामी ती क्वचित वापरते, आणि जेव्हा वापरते तेव्हा त्यातून काय बिघडले हे कथा दाखवते. पुढे एका प्रसंगात नारुकामी ही मेघगर्जनेची देवी नानामीचे देवपण काढून घेते, तोमोएला जादूच्या हातोडीने लहान मूल करून टाकते, आणि करारही तुटतो. आता तो मोकळा आहे आणि ती पुन्हा साधी, बेघर मुलगी आहे. ती तापाने फणफणलेल्या त्या छोट्या कोल्ह्याला उराशी धरून आसरा शोधते, त्याची शुश्रूषा करते. एवढे सगळे झाल्यावर तो पुन्हा तिचाच सेवक होणे पत्करतो, या वेळी स्वतःच्या मर्जीने. मला विचाराल तर या दोघांची प्रेमकथा खऱ्या अर्थाने इथे सुरू होते.

देव आणि सेवक यांचे हे नाते पाहताना मला वारंवार आपल्या पंचवटीतले कपालेश्वराचे मंदिर आठवते. रामकुंडासमोरच्या पायऱ्या चढून वर गेले की शंकराची पिंड आहे, पण तिच्यासमोर नंदी नाही. शिवमंदिरात नंदी नसणे ही मोठी गोष्ट आहे, आणि नाशिकमधल्या प्रत्येक घरात तिची कथा लहानपणीच सांगितली जाते. शंकराला ब्रह्महत्येचे पातक लागले, त्यातून सुटायचा मार्ग सापडेना, तेव्हा एका वासराच्या तोंडून त्याला कळले की गोदावरीत रामकुंडाच्या जागी स्नान केले की पातक फिटते. ते वासरू म्हणजे नंदी. देवाने त्याला गुरू मानले, आणि ज्याला गुरू मानले त्याला आपल्यासमोर वाहन म्हणून कसे बसवायचे, म्हणून इथे नंदी समोर नाही. ‘कामिसामा किस’ पाहणाऱ्या नाशिककराला तोमोए आणि नानामी यांच्यातली उलटापालट म्हणूनच परकी वाटत नाही. देवपण तिच्या कपाळावर आहे, पण ते कसे निभवायचे हे सेवकाला ठाऊक आहे. पूजा कशी करायची, कोणत्या पाहुण्याशी कसे बोलायचे, कागदाच्या पट्टीवर शब्द लिहून त्यात बळ कसे आणायचे, हे सगळे ती त्याच्याकडून किंवा त्याच्याशी भांडून शिकते. त्या कागदी पट्ट्यांचा नियमही मला आवडतो. लिहिणाऱ्याची जेवढी कुवत, तेवढेच लिहिलेले खरे होते. त्यामुळे सुरुवातीला नानामीच्या पट्ट्यांचा उपयोग जेमतेम होतो आणि पुढे तिची समज वाढते तसे त्यांचे बळ वाढते.

देवळाच्या कामाचे जे दर्शन मालिकेत घडते, ते माझ्या ओळखीचे आहे. जुन्या नाशकात आमच्या नातेवाइकांच्या वाड्याला लागून मारुतीचे एक लहानसे देऊळ आहे, आणि ते शेजारच्या एक आजी सांभाळतात. पहाटे त्या आधी बाहेरचा ओटा झाडतात, मग गाभाऱ्याची फरशी ओल्या फडक्याने पुसतात, आदल्या दिवशीचे रुईच्या पानांचे हार उतरवून वेगळ्या टोपलीत ठेवतात, निरांजनातली काजळी बोटाने काढून ते बोट पदराला न पुसता एका ठरलेल्या चिंधीला पुसतात आणि मगच नवी वात घालतात. शनिवारी गर्दी असते, इतर दिवशी कधीकधी दुपारपर्यंत कुणीही येत नाही. कामाचा क्रम मात्र दोन्ही दिवशी तोच असतो. कुणी आले आणि मूर्तीपुढे डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले, तर आजी हातातले काम थांबवतात आणि आवाज होऊ देत नाहीत. तोमोएची वीस वर्षे कशी गेली असतील, हे मला त्या देवळामुळे समजले.

आता पहिल्या सीझनमधल्या दोन कथांकडे वळते, कारण मालिकेचा जीव त्यांत आहे.

पहिली हिमेमिको या दलदलीच्या राजकन्येची. ती मूळची मासोळी, पाण्यातल्या योकाईंची सत्ताधीश. अनेक वर्षांपूर्वी तिने कोतारो नावाच्या रडणाऱ्या लहान मुलाला धीर दिला होता. तो आता तरुण झाला आहे आणि तिला त्याला पुन्हा भेटायचे आहे. मिकागेचे देऊळ गाठी जुळवणाऱ्या देवाचे, त्यामुळे ती साकडे घालायला तिथेच येते. तोमोएचा ठाम विरोध आहे. माणूस आणि योकाई यांची जोडी कधी सुखाची होत नाही, माणसाचे आयुष्य डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते, असे तो म्हणतो, आणि ते बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते नानामीला कळत नाही. नानामी मात्र साकडे घेऊन आलेल्याला परत पाठवायचे नाही एवढेच धरून बसते आणि हिमेमिकोला माणसाच्या वेषात कोतारोपर्यंत नेते. कोतारो बुजरा, बोलताना अडखळणारा मुलगा आहे. त्या दोघांची भेट इतक्या हळुवारपणे दाखवली आहे की विनोदी मालिका पाहतो आहोत हे आपण काही क्षण विसरतो. नानामीने देव म्हणून पार पाडलेले हे पहिले खरे काम, आणि त्यात चमत्काराचा वाटा फार थोडा आहे. भीती वाटत असलेल्या दोन जीवांना एकमेकांसमोर आणून उभे करणे हेच तिने केले.

दुसरी कथा मिझुकीची, आणि ती मला अधिक खोल वाटते. मिझुकी हा पांढरा साप, योनोमोरी नावाच्या देवीचा सेवक. तिचे देऊळ धरणाच्या पाण्याखाली गेले. भक्त विखुरले, येणारे-जाणारे थांबले, आणि स्मरण करणारे कुणी उरले नाही म्हणून देवीही नाहीशी झाली. मिझुकी मात्र बुडालेल्या देवळात एकटाच राहिला आणि देवीच्या आवडीचे पांढऱ्या फुलांचे प्लमचे झाड आपल्या बळावर अखंड फुलवत राहिला. नानामीने एका प्रसंगात त्या सापाचा जीव वाचवलेला असतो, आणि तो तिला पळवून तिथे घेऊन जातो, कारण त्याला आपल्या देवळासाठी देवी हवी आहे. कृत्य वाईटच आहे आणि मालिका ते गोड करून दाखवत नाही. पण सगळे उघड झाल्यावर नानामी त्याला झिडकारत नाही. तुला भेटायला मी परत येईन, असा शब्द देते.

धरण आणि देऊळ हा विषय महाराष्ट्रात नवा नाही. इंदापूर तालुक्यातले पळसनाथाचे प्राचीन मंदिर उजनीच्या पाण्यात गेले, आणि एखाद्या वर्षी पाणी फार उतरले की ते वर दिसू लागते, तेव्हा लोक होडीतून किंवा चिखल तुडवत दर्शनाला जातात. नाशिककर गंगापूर धरणाचे पाणी रोज पितात आणि धरणाने गावांचे काय होते हे जिल्ह्यातल्या बऱ्याच कुटुंबांना माहीत आहे. मूर्ती हलवून नव्या गावठाणात नेता येते, नवे देऊळही बांधता येते. जुन्या देवळाच्या पायरीवर बसायची ज्यांना सवय होती त्यांचे काय, हा प्रश्न पुनर्वसनाच्या कागदांत कुठे मांडायचा? मिझुकीची कथा हा प्रश्न एका सापाच्या तोंडून मांडते, म्हणून ती मला इतकी लागली. पुढे तो मिकागेच्या देवळातच राहायला येतो, तोमोएशी रोज भांडतो, आणि मालिकेतला पुष्कळ विनोद या दोघांच्या कुरबुरीतून येतो. हा विनोद हसवता हसवता एका निराश्रिताला घर मिळाल्याचे समाधानही देऊन जातो.

मालिका घडते ते गाव म्हणजे तोक्योजवळच्या साइतामा प्रांतातले कावागोए. १८९३ च्या मोठ्या आगीनंतर तिथल्या व्यापाऱ्यांनी जाड मातीच्या भिंतींच्या पेढ्या बांधल्या, आणि काळ्या रंगाच्या त्या पेढ्यांची रांग आजही टिकून आहे. तिथला घंटेचा लाकडी मनोरा दिवसातून चार वेळा वाजतो. हिकावा नावाचे तिथले देऊळ लग्नगाठी जुळवणारे म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे गाठी जुळवणाऱ्या देवाची कथा या गावात घडवणे स्वाभाविकच. जुने गाव, नदी, घंटा आणि देवळे हे चित्र पाहून गोदाकाठावरच्या नारोशंकराच्या मंदिराची आठवण येणे नाशिककराला अपरिहार्य आहे. १७४७ साली बांधलेल्या त्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर वसईच्या विजयाची आठवण सांगणारी घंटा आहे, आणि पूर तिच्यापर्यंत पोहोचला की नाही यावरून जुनी माणसे पुराची मापे सांगतात.

दुसऱ्या सीझनची सुरुवात इझुमोच्या यात्रेने होते. जुन्या जपानी पंचांगातल्या दहाव्या महिन्यात देशभरचे देव आपापली देवळे सोडून इझुमोला जमतात आणि वर्षभरातल्या माणसामाणसांच्या गाठी ठरवतात, अशी तिथली श्रद्धा आहे. आषाढी एकादशीला देव झोपी जातात आणि कार्तिकीला उठतात, मधल्या चातुर्मासात लग्ने होत नाहीत, हे आपल्याला पाठ असल्यामुळे देव जागेवर नसलेला महिना समजायला आपल्याला कष्ट पडत नाहीत. नानामीला इझुमोचे बोलावणे येते. ती मिझुकीला सोबत घेऊन जाते, आणि मागे तोमोए तिचे रूप घेऊन तिच्या शाळेत जाऊन बसतो, म्हणजे तिची हजेरी बुडू नये. या प्रसंगांवर मी मनापासून हसले. तो नानामीपेक्षा नीटनेटका आहे, घरकामात तिच्याहून सरस आहे, आणि तिच्या रूपात वावरताना तिच्या मैत्रिणींशी तिच्याहून अधिक अदबीने बोलतो. मैत्रिणी बुचकळ्यात पडतात. पण त्या सगळ्यामागे तिच्यासाठी काहीतरी करत राहण्याची त्याची धडपड आहे, जी तो तोंडाने कधीच कबूल करणार नाही.

इझुमोचा भाग मला थोडा घाईत उरकलेला वाटतो. देवांची एवढी मोठी सभा, अधिपती ओकुनिनुशीसारखा दैवतकथांमधला थोर देव, आणि तरीही सभेत नेमके काय चालते हे फारसे कळत नाही. कथा पटकन पाताळाच्या वाटेने निघून जाते. तिथे किरिहितो हा तरुण येतो, ज्याच्या शरीरात तोमोएचा जुना सोबती आणि भयंकर योकाई आकुरा-ओ लपलेला आहे. त्याच्या येण्याने मालिकेवर सावली पडते, पण दुसरा सीझन संपला तरी तिचा उलगडा होत नाही.

कुरामा पर्वताच्या भागाने मात्र ही भरपाई केली आहे. कुरामा हा कावळ्याचे पंख असलेला तेंगू, म्हणजे डोंगरावर राहणारा एक प्रकारचा योकाई, आणि माणसांच्या जगात तो लोकप्रिय गायक म्हणून मिरवतो. पहिल्या सीझनमध्ये तो देवपण हिसकावून घ्यायच्या हेतूने नानामीच्या शाळेत दाखल होतो, आणि तोमोए त्याला शहामृग करून टाकतो. दुसऱ्या सीझनमध्ये कळते की तो लहानपणी डोंगरावरून निघून आलेला मुलगा आहे, आणि तिकडे डोंगराचा वृद्ध प्रमुख सोजोबो आजारी पडला आहे. क्योतोच्या उत्तरेला कुरामा नावाचा खरा पर्वत आहे, आणि त्याच्यावर राहणाऱ्या सोजोबो या तेंगूंच्या राजाने पुढे थोर योद्धा झालेल्या बाल योशित्सुनेला तलवार शिकवली अशी जपानमध्ये जुनी आख्यायिका आहे. त्या आख्यायिकेच्या पोटात लेखिकेने आपली कथा बसवली आहे. डोंगरावर जिरो नावाचा कडक शिस्तीचा तेंगू कारभार पाहतो. दुबळेपणा त्याला सहन होत नाही, आणि त्याच्या धाकाखाली लहान तेंगू गुदमरून गेले आहेत. नानामी तिथे जाते, लहानग्यांना जवळ घेते, वाळत चाललेल्या पुरातन चेरीच्या झाडाकडे लक्ष देते. जिरोच्या मनात तिच्याविषयी जे जागे होते ते त्याला स्वतःलाच उमगत नाही, आणि त्या ओबडधोबड माणसाला कोमल होताना पाहणे मला या सीझनमधले सर्वांत सुंदर चित्रण वाटते. कुरामाला वेगळेच कळते. पळून आलेल्या घरी आपली जागा कुणीतरी राखून ठेवली होती, हे त्याला तिथे गेल्यावर समजते.

पहिल्या सीझनचा शेवट उत्सवाने होतो आणि त्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. देवळात माणसे येत नाहीत म्हणून नानामी उत्सव भरवायचे ठरवते आणि स्वतः कागुरा, म्हणजे देवापुढचे पारंपरिक नृत्य, करायचे ठरवते. तिला नाचता येत नाही. तोमोएला तिचा अजिबात भरवसा वाटत नाही, आणि ती रात्री जागून पावले घोकते. प्रत्यक्ष दिवशी गावातले लोक येतात, पोरेटोरे येतात, खाण्याच्या टपऱ्या लागतात. ती नाचू लागते, आणि तिच्या हालचालींनी देवळावरचे मळभ दूर होत जाते. तोमोए बाजूला उभा राहून हे पाहतो. त्याच्या चेहऱ्यावर आधी काळजी असते, मग आश्चर्य, आणि मग काहीतरी असे की ज्याच्यावर तो स्वतःच दचकतो. दाइचींनी इथे एकही विनोद घातलेला नाही. कावागोएच्या या काल्पनिक देवळात वर्षानुवर्षांनी माणसांचा आवाज घुमतो आणि तो एका मुलीच्या कष्टांनी घुमतो, हे पाहताना आपल्याकडच्या बंद पडलेल्या आणि कुणा एका माणसाच्या हट्टाने पुन्हा सुरू झालेल्या जत्रा मला आठवल्या.

ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी दोन्ही सीझन क्रमाने पाहावेत आणि मग २०१५ व २०१६ मध्ये मांगाच्या खंडांसोबत निघालेले भूतकाळाचे चार विशेष भाग शोधावेत. माणूस आणि योकाई यांच्या प्रेमाविषयी तोमोए इतका कडवट का बोलत होता, पाचशे वर्षांपूर्वीची युकिजी कोण, मिकागेने त्याची आठवण का पुसली, याची उत्तरे तिथे आहेत. ती इथे सांगून मी कुणाचा रस घालवणार नाही. एवढेच म्हणते की हिमेमिकोच्या कथेतला तोमोएचा चेहरा त्यानंतर पुन्हा पाहावा, त्याचा अर्थ बदललेला असतो. २०१६ च्या शेवटी आलेल्या आणखी एका भागात नानामी आणि तोमोए यांचे लग्न आहे, आणि ते मिकागेच्या देवळातल्या सगळ्या मंडळींच्या साक्षीने होते.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. भूतकाळाचे भाग आणि लग्न यांच्या मधला आकुरा-ओचा सगळा संघर्ष अ‍ॅनिमेत कधी आलाच नाही. किरिहितोच्या शरीरात अडकलेल्या त्या जिवाला माणसाच्या घरात राहून काय होऊ लागते, त्याला आपला मुलगा समजणाऱ्या बाईच्या मायेचे काय करावे हे त्याला कसे कळेनासे होते, हे सर्व मांगात आहे आणि ते मिझुकीच्या कथेइतकेच दमदार आहे. माझी भाची म्हणते की तिसरा सीझन यायला हवा होता, आणि मी तिच्याशी पूर्ण सहमत आहे. तोवर ज्यांना ही कथा अर्धवट सोडवत नसेल त्यांनी मांगाचे शेवटचे खंड हातात घ्यावेत. सुझुकी यांची रेषा तिथे पूर्वीपेक्षा जास्त मोकळी झाली आहे, आणि तोमोएचे शेपूट व कान त्यांनी प्रत्येक भावनेनुसार इतक्या बारकाव्याने काढले आहेत की पुष्कळ चौकटींत त्याला बोलावेही लागत नाही.